शिवेवरचा अकरावा दगड

थिर्झा पॉबजॉयबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे एक वैतागच होता. तुम्ही कुठल्याही बाजूने चाला, चार पावलं झाली की ती मागून वळसा घालून तुमच्या डाव्या हाताला येऊन चालू लागायची. तिकडे चिखल असो, काटेरी कुंपण असो, समोरून गवताची गाडी येत असो, बाई डावी बाजू सोडायची नाही. विचारलं तर म्हणायची, "हो का? माझ्या लक्षातच आलं नाही." आमच्या कूम्बलीत एखाद्या माणसाचं काही कळेनासं झालं की ती त्याची खोड आहे असं ठरवतात आणि आपापल्या कामाला लागतात. थिर्झाचीही खोडच ठरली. ती कुठून आली हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही, आणि घेतली असती तरी तिने सांगितलं नसतं.

पॉबजॉयांचं घर गावाच्या अगदी टोकाला, ओढ्याजवळ. बाप ओबेड हॅस्केलच्या शेतावर गाडीवान होता. घर हॅस्केलचं, घोडे हॅस्केलचे, चुलीतलं लाकूडसुद्धा हॅस्केलच्या रानातलं. इतकं सगळं एकाच माणसाचं असलं की आपलं तोंडही हळूहळू त्याच्याच मालकीचं होतं.

हॅस्केल वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तसं वाटेल. धिप्पाड, लालबुंद चेहऱ्याचा, चर्चचा कारभार बघणारा, कोणाची गाय अडली तर अर्ध्या जेवणावरून उठून जाणारा माणूस. त्याचा एकच दोष होता. आपण जे करतो ते जोरात केलं पाहिजे, असं त्याला वाटायचं.

दर सात वर्षांनी मे महिन्यात गावाच्या शिवेची फेरी निघायची. पाद्री पुढे, गाव मागे, आणि सगळ्यात मागे सफरचंदाच्या दारूची पिंपं घेतलेली हातगाडी. नकाशे वगैरे शहरात कोणाकडे असतील ते असोत, आमची शीव पोरांच्या डोक्यात ठेवलेली असे. शिवेवर चौदा दगड. प्रत्येक दगडाला एक पोरगा, शक्यतो त्या दगडाच्या जवळच्या घरातला. दोघांनी त्याला पाय धरून उचलायचं, उलटं धरायचं आणि डोकं दगडावर आपटायचं. म्हणायला टेकवायचं, पण लागल्याशिवाय लक्षात कसं राहणार? मग त्या पोराला मनुका घातलेला मोठा पाव. पुढे पन्नास-साठ वर्षांनी शेजारच्या नेदरकॉटवाल्यांनी भांडण काढलं, तर तोच पोरगा म्हातारा होऊन काठी टेकत यायचा आणि म्हणायचा, इथे, इथेच माझं डोकं आपटलं होतं. त्याच्या शब्दापुढे कोणाचं चालायचं नाही. ज्याचा दगड त्याने लक्षात ठेवायचा, बाकीच्यांनी डोकं शिणवायचं नाही, अशी रीत. मुलींची डोकी यात धरत नसत.

एकोणीसशे चार साली थिर्झाचा धाकटा भाऊ रूबेन नऊ वर्षांचा होता. अकरावा दगड त्यांच्या मागच्या कुरणात, म्हणजे तो रूबेनचा. आठवडाभर पोरगं जमिनीवर नव्हतं. मागच्या दारात उभं राहायचं, समोरच्या टेकडीवरच्या एकट्या एल्म झाडाकडे बघायचं आणि पावलं मोजत दगडापर्यंत जायचं. सव्वीस. पुन्हा मोजायचं. पुन्हा सव्वीस. थिर्झाला त्याने इतक्यांदा ऐकवलं की झोपेतसुद्धा तिने सांगितलं असतं.

फेरीच्या दिवशी तिला आईने घरी थांबून रस्सा ढवळायला सांगितलं होतं. अकरा वर्षांची मुलगी आणि मागच्या अंगणातून माणसांचा गलका, रस्सा कोण ढवळतो. ती कुंपणाच्या झुडपात जाऊन बसली.

अकराव्या दगडापर्यंत येताना दहा दगडांवर पेले रिकामे झालेले होते. मंडळी रंगात आली होती. हॅस्केलने एकट्यानेच रूबेनला पाय धरून उचललं, तशी रूबेनला गुदगुल्या झाल्या. त्याला घोट्याला हात लावला तरी गुदगुल्या व्हायच्या. उलटं लटकून ते पोर खिदळायला लागलं. डोकं दगडाला लागलं तरी हसणं थांबेना.

"हसतोय बघा," हॅस्केल म्हणाला. "हा विसरणार हं." आणि त्याने पुन्हा आपटलं.

दुसऱ्या वेळचा आवाज वेगळा होता. थिर्झाने तो झुडपातून ऐकला. रूबेन हसायचा थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, कोणीतरी पोराला सरळ उभं केलं, हातात पाव दिला, आणि सगळे बाराव्या दगडाकडे निघून गेले. थिर्झा बाहेर आली तेव्हा तो दगडाजवळच उभा होता. डाव्या कानातून रक्त निघून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत आलं होतं.

"थिर्झे, अर्धा पाव तुला," तो म्हणाला. "मला आता नकोय."

तीन दिवस तापाने फणफणला. आई हॅस्केलच्या दारात जाऊन बोलणार होती, पण बापाने तिला थांबवलं. गोवर झालाय म्हणायचं, तो म्हणाला, घर त्यांचं आहे. चौथ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर मधाचं मोठं मडकं ठेवलेलं सापडलं. कूम्बलीत एवढा मध एकट्या हॅस्केलच्याच पोळ्यांतून निघायचा. मडकं ठेवणारा दार वाजवून आत आला नव्हता. तो मध बापाने खाल्ला, बाकी कोणी हात लावला नाही.

ताप उतरला, कान गेला तो गेलाच. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर रूबेनला मागमूस लागायचा नाही. शाळेत मास्तरांनी त्याला दोन महिने उद्धट म्हणून छड्या मारल्या, मग ते त्याला बावळट म्हणू लागले आणि छड्या थांबल्या. त्या उन्हाळ्यात थिर्झा त्याच्या डाव्या हाताला आली. गाडी आली, कुत्रा आला, मास्तर आले, सगळं ती दंडाला चिमटा काढून कळवायची. टेकडीवर चंडोल गाऊ लागला की तो भलत्याच दिशेला वर बघत राहायचा, कारण एका कानाने आवाज कुठून येतो ते उमगत नाही. मग थिर्झा त्याची हनुवटी धरून मान वळवायची. "तिकडे, वेड्या." तो डोळे बारीक करून बघायचा आणि पक्षी सापडला की तिच्याकडे बघून हसायचा.

बालपण म्हणून तिच्याजवळ जे काही होतं ते असं, त्याच्या डाव्या बाजूने बघितलेलं. ओढ्यावर बर्फ धरलं तेव्हा गाडीच्या फळीवर बसून घसरलेली दोघं. ब्लॅकबेरी तोडून जांभळी झालेली बोटं. कापणीनंतर कणसं वेचताना भावाच्या कानामागे खोवलेलं खसखशीचं फूल. ते ती नेहमी डाव्या कानामागे खोवायची. तो कान निदान शोभेला तरी असू दे, असं रूबेन स्वतःच म्हणायचा.

बारा साली मोठा पूर आला. ओढ्याने पात्र बदललं. आधी घरामागे, दगडाच्या पलीकडून वाहायचा तो आता घरासमोरून वाहू लागला, आणि कुरणावर गुडघाभर गाळ बसला. अकरावा दगड त्या गाळाखाली गेला. मधली एक फेरी पाद्रीबाबांच्या आजारपणात राहून गेली होती, त्यामुळे कोणाला काही फरक पडला नाही. घर तेवढं पाण्यापलीकडे गेलं. आईने ओढ्यावर फळी टाकली आणि त्याच फळीवरून ती रोज गावात येऊ-जाऊ लागली.

मग महायुद्ध आलं. पंधरा सालच्या शरद ऋतूत रूबेनच्या बरोबरीचा एकही पोरगा गावात उरला नव्हता. वीस वर्षांचा दणकट माणूस घोड्यामागे नांगर धरून चाललाय म्हटल्यावर बाया बघायच्या, बोलायच्या नाहीत. ते बघणं रूबेनला लागत होतं, आणि खरं सांगायचं तर थिर्झालाही. एका संध्याकाळी चुलीपाशी तो तिला म्हणाला की भरतीला जायचं आहे, पण डॉक्टर पकडेल. जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं. डॉक्टर मागे उभा राहतो, एका कानात बोट घालायला लावतो आणि कुजबुजतो. तो काय बोलला ते सांगायचं. मग दुसरा कान.

"उजव्या कानात बोट घातलं की माझं संपलं," रूबेन म्हणाला.

थिर्झाने थोडा विचार केला. ती घरातली हुशार पोरगी होती, सगळेच तसं म्हणायचे. "बोट सैल ठेव," ती म्हणाली. "घातल्यासारखं दिसलं पाहिजे, पण फट राहिली पाहिजे."

आठ दिवस त्यांनी स्वयंपाकघरात तालीम केली. हा भिंतीकडे तोंड करून उभा, ती मागून कुजबुजायची, बादली, मेंढी, घंटा, गूजबेरी. आधी तो चुकायचा आणि दोघं हसून बेजार व्हायची, मग चुकेनासा झाला. बाजाराच्या गावी ती त्याच्याबरोबर गेली, सात मैल, त्याच्या डाव्या हाताला. भरतीच्या दारात सार्जंटने तिला अडवलं. बायकांनी बाहेर थांबायचं. रूबेन आत गेला आणि तासाभराने बाहेर आला तो हसत. वाटेत तिने त्याला केकचा तुकडा घेऊन दिला. आपण काय करून बसलो हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि कळायला पाहिजे होतं असं ती पुढे जन्मभर म्हणत राहिली, पण मनातल्या मनात.

सतराच्या एप्रिलात छापील कागद आला. फ्रान्समध्ये अपघाती मृत्यू. अपघाती म्हणजे काय, हे आईने चारचौघांना विचारलं. घोड्याने लाथाडलं असेल, कोणी म्हणालं. आईला ते पटलं, कारण गाडीवानाचा मुलगा होता. खरं काय ते पुढच्या हिवाळ्यात पायावर गोळी खाऊन परतलेल्या, रूबेनच्याच तुकडीतल्या वॉल्टर नटलीने थिर्झाला एकटीला गाठून सांगितलं. पहाटेचं धुकं होतं. रूबेन पाण्याचे डबे घेऊन परत येत होता. आपल्याच पहारेकऱ्याने डावीकडून हटकलं. तीनदा हटकलं. रूबेनचं पाऊलसुद्धा अडखळलं नाही, तो चालत राहिला. पहारेकरी नवा पोरगा होता, घाबरला आणि गोळी झाडून बसला.

"त्याने उत्तर का दिलं नाही, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही," नटली म्हणाला.

थिर्झाला कळलं होतं. तिने नटलीला सांगितलं की आईच्या कानावर हे घालू नकोस, आणि नटली शब्दाचा पक्का निघाला.

वीस साली गावाने चौकात दगडी क्रूस उभारला. त्यावर पडलेल्यांची नावं कोरायची होती. कमिटीचा मुख्य अर्थातच हॅस्केल. अकरा नावं कोरली गेली, त्यात पॉबजॉय नव्हतं. कारण विचारायला थिर्झा गेली तेव्हा तिला नियम सांगण्यात आला की क्रूसावर फक्त कूम्बलीचा रहिवासी. पॉबजॉयांचं घर ओढ्यापलीकडे आहे, म्हणजे नेदरकॉटमध्ये. ती नेदरकॉटला गेली. तिथल्या पाद्रीबाबांनी वह्या उघडून दाखवल्या. बाप्तिस्मा कूम्बलीत, शाळा कूम्बलीत, आमचा मुलगा नाही, असं म्हणून त्यांनीही हात झटकले. असा रूबेन कुठलाच राहिला नाही.

बाप तोवर गेला होता. आई दर रविवारी चर्चमधून निघाली की क्रूसापाशी थांबायची. तिला वाचता येत नसे, पण आपल्या दोन लेकरांची नावं तेवढी तिला ओळखू यायची. अकराही नावांवरून ती बोट फिरवायची, हळूहळू, आणि खाली पोचली की पुन्हा वरून सुरू करायची. आपल्याकडूनच बघायचं राहिलं असेल, असं तिला वाटायचं.

"तू वाच गं एकदा," ती म्हणायची. "माझे डोळे आता धड नाहीत."

थिर्झा वाचायची. अकरा नावं वाचायला फार वेळ लागत नाही. घरी येताना तिच्या मनात एकच गोष्ट असायची. हॅस्केलला सगळ्यांसमोर उभं करायचं आणि सांगायचं, रूबेनला तू मारलंस. कधी, कसं, हे ती भांडी घासताना, कपडे पिळताना, शाळेची फरशी पुसताना घोकत असायची.

एकवीस साली गावात नवे पाद्री आले. तरुण होते, जुन्या चालीरीतींचं फार वेड. त्यांनी शिवेची फेरी पुन्हा काढायचं ठरवलं आणि शाळेत सभा घेतली. तेरा दगडांची माहिती मिळाली, कोणी ना कोणी डोकं पुढे करून सांगितलं. अकरावा कोणालाच माहीत नव्हता. ज्याचा दगड त्याचं डोकं फ्रान्सच्या मातीत होतं. पाद्रींनी हॅस्केलला विचारलं, तुम्ही तर त्या फेरीत होतात ना. हॅस्केल सत्तरीला आला होता. तो आपल्या काठीकडे बघत म्हणाला की फार वर्षं झाली, आठवत नाही.

थिर्झा मागच्या बाकावरून उठली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मुली नव्हत्या त्या फेरीत," कोणीतरी म्हणालं.

"मी झुडपात होते." सभेत हशा पिकला. ती थांबली नाही. "आणि हॅस्केलमालक, मला एक विचारायचंय. शिवेवर गावचीच पोरं आपटतात ना? मग गावाची शीव लक्षात राहावी म्हणून ज्याचं डोकं आपटलं, तोच गावाचा नाही, हे कसं?"

हसू थांबलं. हॅस्केलने मान वर केली नाही. पाद्री गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले, आणि शेवटी म्हणाले की दगड सापडला तर घर कुठल्या बाजूला आहे ते कळेल आणि प्रश्न आपोआप सुटेल. प्रश्न आपोआप सुटतात असं वाटण्याचंच त्यांचं वय होतं.

फेरीच्या दिवशी नेदरकॉटचेही चार जण बघायला आले. थिर्झाने मागचं दार दाखवलं, एल्मचं झाड दाखवलं, सव्वीस पावलं म्हणाली. एका लांब टांगांच्या गड्याने पावलं टाकली. खणलं. कंबरेइतकं खणलं तरी नुसता गाळ आणि गोगलगाईंची कवचं. बाजूला खणलं, तिथेही तेच. नेदरकॉटवाले एकमेकांना कोपरं मारू लागले. दारात खुर्ची टाकून आई बसली होती, तिच्याकडे बघायचा थिर्झाला धीर होईना. हॅस्केल काठीवर रेलून उभा होता. तो खड्ड्याकडे बघतच नव्हता. तो खड्ड्याच्या बऱ्याच अलीकडे, घराच्या बाजूला, गवतातल्या एका जागेकडे बघत होता.

तेवढ्यात मनुकांच्या पावाची वाट बघून कंटाळलेला एक मुलगा, नऊएक वर्षांचा, खड्ड्याच्या कडेने उगाच पावलं टाकत गेला. थिर्झाचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. सव्वीस पावलं कोणाची होती?

ती दारात गेली. स्कर्ट जरा वर धरला, एल्मकडे तोंड केलं आणि निघाली. अठ्ठावीस वर्षांची बाई नऊ वर्षांच्या पोराची पावलं टाकत होती, लहान लहान, टाच नीट टेकवून, जशी तो टाकायचा. पंधराव्या पावलाला तिला दिसेनासं झालं, तरी ती मोजत राहिली. सव्वीसला ती थांबली ती बरोबर हॅस्केल बघत होता त्या जागी.

गुडघाभर खणल्यावर फावडं वाजलं. दगड निघाला. घर शिवेच्या आत होतं, चांगलंच आत. पाद्रींना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच त्या नऊ वर्षांच्या मुलाला पुढे बोलावलं. दोघा गड्यांनी त्याला पाय धरून उचललं.

"खाली ठेवा त्याला," हॅस्केल म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण गडी थांबले. "पोरांना हात लावायचा नाही. दगडाला काठ्या मारा. त्याला कान नाहीत."

म्हाताऱ्याने विनोद केला असं वाटून लोक हसले. मग विलोच्या छड्या तोडून सगळ्यांनी दगडाला मारल्या, मुलाला तसाच पाव मिळाला, आणि मंडळी बाराव्या दगडाकडे गेली. हॅस्केल गेला नाही. थिर्झाही थांबली. आईला कोणीतरी आत नेलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," थिर्झा म्हणाली.

"होतं."

"आई दर रविवारी बोट फिरवते त्या नावांवरून."

"बघतो मी." तो खड्ड्याच्या कडेवर हळूच बसला. "नाव कोरलं असतं तर दर रविवारी मलाही त्याच्यासमोरून जावं लागलं असतं. मला ते झेपलं नसतं, पोरी." मग त्याने विचारलं, "अपघात म्हणजे काय झालं होतं त्याचं? मला कोणी सांगितलं नाही."

याच क्षणासाठी तिने इतकी वर्षं शब्द घोकले होते. तिने सांगितलं. धुकं, पाण्याचे डबे, पहारेकरी, डावी बाजू, तीन वेळा. हॅस्केलने ऐकून घेतलं. त्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे गेला आणि टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे मी मारलं त्याला."

हो म्हणायचं होतं. एक शब्द, तोसुद्धा तोंडाशी आलेला. त्या जागी थिर्झाच्या तोंडून भलतंच निघालं.

"बोट सैल ठेव, असं मी शिकवलं होतं त्याला."

त्याला समजलं नाही. मग तिला सगळं सांगावं लागलं, डॉक्टरची कुजबूज, भिंतीकडे तोंड, बादली, मेंढी, घंटा. ते शब्द तिने रूबेननंतर पहिल्यांदाच उच्चारले होते. सांगता सांगता ती मटकन खाली बसली आणि रडली, तोंडावर हातही न घेता.

"तू पोर होतीस," हॅस्केल म्हणाला.

"मी बावीस वर्षांची होते, मालक."

दूरवरून बाराव्या दगडावरच्या काठ्यांचा आवाज येत होता. शेवटी म्हातारा उठला, तिला उठायला हात दिला, आणि दोघं फळीवरून ओढा ओलांडून गावाकडे गेली. थिर्झा त्याच्या डाव्या हाताला चालत होती.

सप्टेंबरात पाथरवट आला. क्रूसावर खाली जागा थोडीच उरली होती, म्हणून बारावं नाव जरा लहान अक्षरांत बसवावं लागलं. नोव्हेंबरात, युद्ध थांबल्याच्या दिवशी, गाव चौकात जमलं. नावं वाचायचं काम हॅस्केलकडेच होतं. गेल्या वर्षी त्याने ती खालच्या आवाजात, जणू स्वतःशीच वाचली होती, आणि त्या दिवशीही त्याने अकरा नावं तशीच वाचली. मग तो थांबला. कागद खाली केला. क्रूसाच्या डाव्या बाजूला दोन पावलं सरकला, छातीत श्वास भरून घेतला आणि ओरडला.

"रूबेन पॉबजॉय!"

मनोऱ्यावरचे कावळे उडाले. बायका दचकल्या, एक तान्हं मूल रडायला लागलं, पाद्रींनी चष्मा सावरला. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं त्या संध्याकाळी घरोघर बोललं गेलं. चौकात एकटी थिर्झा दचकली नाही. डावीकडून रूबेनला सांगायचं तर असंच ओरडावं लागायचं.

उत्तराची वाट बघावी तसा हॅस्केल थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने कागदाची घडी केली.

घरी जाताना आई फार खुशीत होती. बोटाला अजून दगडाची धूळ लागली होती. ती तिने पुसली नव्हती.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "सगळ्यांत मोठ्याने माझ्याच लेकाचं नाव घेतलं."

"हो आई," थिर्झा म्हणाली, आणि वळसा घालून तिच्या डाव्या हाताला आली.